फोडून सांगणारे साल्वादोर सर

तारकर्लीच्या रस्त्यावर सकाळी नेव्हिल पाववाल्याचा भोंगा वाजला की साल्वादोर सर फाटकाबाहेर येत. अंगात गंजी, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी विजार, हातात ताट. पाव घेत, त्यातला एक तिथेच उभ्याउभ्या मधोमध फोडत, वाफ नाकाशी नेत आणि मग नेव्हिलला एक शब्द देत. रोज नवा. दोन-तीन शब्द एकमेकांना चिकटून जो एक शब्द होतो तो समास. त्याला पुन्हा सुटा करून अर्थ सांगायचा तो विग्रह. नेव्हिलने विग्रह केल्याशिवाय त्याच्या मोटरसायकलची वाट मोकळी व्हायची नाही, कारण सर ताट घेऊन भर रस्त्यात उभे असत.

"नेव्हिल, घरजावई?"

नेव्हिल पन्नाशीचा. लग्न झाल्यापासून मालवणात सासऱ्याच्या घरी, सासऱ्याच्याच बेकरीत.

"मास्तरानू, सकाळीच कित्याक माझ्या वर्मार बोट ठेवतास?"

"विग्रह कर."

"घरातलो जावई."

"अर्धोच झालो. मधलो एक शब्द गिळललो आसा, तो भायर काढ. घरात काय करणारो जावई?"

नेव्हिलने जरा विचार केला. "घरात गप ऱवणारो जावई."

सर इतके हसले की ताटातला एक पाव रस्त्यावर पडला. पुस्तकातला विग्रह 'घरी राहणारा जावई' असा आहे. पण गिळलेलं पद कोणतं ते पुस्तकापेक्षा नेव्हिललाच जास्त ठाऊक, असं सर पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगत राहिले.

भेटणाऱ्यांत पर्यटकही होते. सरांच्या पत्नी वेरोनिकाबाईंनी घराच्या मागच्या दोन खोल्या उतरायला येणाऱ्यांसाठी ठेवल्या होत्या. माडांच्या मधून समुद्र दिसे, माशांची आमटी बाई स्वतः करत, आणि सकाळच्या चहाला सर येऊन बसत. पुण्याच्या एका कुटुंबाने घरी परतल्यावर इंटरनेटवर अभिप्राय लिहिला होता : 'जेवण उत्तम. खोल्या स्वच्छ. काका परीक्षा घेतात.' बाईंनी तो सरांना वाचून दाखवला. सरांना तो स्तुतीपर वाटला.

सरांच्या बाबतीत बाईंचं म्हणणं थोडक्यात असे. "लग्न ठरला तेव्हा ह्यो माणूस माझ्यावांगडा एक शब्द बोलूक नाय. माका वाटला, मुको आसा. माका बरां वाटलां."

पुढे लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी, चर्चच्या सभागृहात, सरांनी पेला उंचावून भाषण केलं. नवरा-बायको हा द्वंद्व समास आहे, त्यात दोन्ही पदं सारख्याच मानाची असतात, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर बाईंनी लुगड्याची पिन काढता काढता विचारलं, "दोन्ही पदां सारखीच काय? मगे उद्या मासे कोणतां पद साफ करतला?" सरांनी दुसऱ्या दिवशी बांगडे साफ केले. विळीवर बोट कापून घेतलं. त्यानंतर द्वंद्वाचं उदाहरण म्हणून ते कायम 'मीठभाकर' देत.

हे सगळं गुरुदासला माहीत होतं, कारण तो सरांचा विद्यार्थी. वालावलच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला त्याची वाडी. भातशेती, थोडी काजीची बाग, परसात माड-पोफळी. त्या भागातल्या हायस्कुलात सर मराठी आणि संस्कृत शिकवायला रोज मालवणहून एसटीने येत. पहिल्या दिवशी हजेरी घेताना गुरुदासच्या नावापाशी ते थांबले होते.

"गुरुदास. वा! षष्ठी तत्पुरुष. गुरूचा दास. गृहपाठ दाखव."

गृहपाठ नव्हता. "मग तू कसला गुरूचा दास? तुझं नाव बदलू या," सर म्हणाले, आणि वर्ष संपेपर्यंत त्याला 'दास' एवढंच म्हणत राहिले. गृहपाठ आणला त्या दिवशी तेवढं 'गुरु' परत मिळे.

फेर्नांदिस आडनावाचा माणूस संस्कृत कसा काय शिकवतो, हा प्रश्न शाळेत नव्याने आलेला प्रत्येक जण विचारी. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांचे वडील लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचे; मुलगा चर्चमध्ये पाद्रीच्या हाताखाली मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, उभा राहायचा. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होई. पाद्री एक ओळ म्हणे, छोटा साल्वादोर उत्तराची ओळ म्हणे, खणखणीत, एकही चूक न करता. एकदा त्याने विचारलं, "पाद्री, आपण काय म्हणतो त्याचा अर्थ काय?" पाद्री म्हणाले, "देवाला कळतो." मुलाला ते पटलं नाही. देवाला कळतो हे ठीक, पण बोलणारा मी आहे. मग शाळेत संस्कृतचे जोशी मास्तर भेटले. त्यांनी फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिला आणि केळफूल सोलावं तसा तो सोलून दाखवला. प्रत्येक सालीखाली अर्थ होता. "त्या दिवसापासून," सर सांगत, "फोडल्याशिवाय काही गिळायचं नाही, असं ठरवलं."

आणि खडू बोटात फिरवत वर म्हणत, "पाव धरून."

गुरुदासचं पाठांतर चांगलं होतं. अडचण आवाजाची होती. एकट्याने म्हणायला सांगितलं की सगळं येई. वर्गासमोर उभं केलं की तोंड उघडे आणि आत कोणी नसे. सरांनी त्याला कधी त्यावरून मारलं नाही. ते बाकाजवळ येत, एक तुकडा विचारत, त्याचं उत्तर आलं की पुढचा. असे तुकडे विचारता विचारता गुरुदास आख्खा श्लोक सांगून मोकळा होई आणि आपण तो सांगितला हे त्याला खाली बसल्यावर कळे.

ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता गुरुदासचे वडील वारले होते, आणि वाडीतल्या सातेरीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याकडे आला होता.

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार खरी, पण देवापुढची. मानकऱ्याने नारळ ठेवून उभं राहायचं, गावाचं जे काही वाकडं झालं असेल ते मोठ्याने सांगायचं आणि सरळ कर म्हणून मागायचं. प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" देवी असली तरी म्हाराजाच. माघात देवळाचा वर्धापनदिन असे, त्या दिवशीचं गाऱ्हाणं सगळ्यांत मोठं. गुरुदासचा बाप ते असं घाली की लोक जेवणाआधीच तृप्त होत.

"तुझ्या बापाशीन तोंड उघडल्यान की झाडावरचो कावळो गप बसा," गुरुदासची आई काशीबाई म्हणाली. "आणि तू तोंड उघडलंस की कावळोच बोलतलो."

"आये, माका जमूचां नाय."

"मगे दत्तप्रसाद आसाच. कालच येवन गेलो."

दत्तप्रसाद गुरुदासचा चुलतभाऊ. त्याचा मांडव आणि साउंड सिस्टिमचा धंदा. बोलायला त्याला कारण लागत नसे. माइकवर 'हॅलो, चेक' म्हणतानाही तो दोन वाक्यं जास्त म्हणे. तो वाईट नव्हता. काकू, गुरुदासला त्रास नको, मी बघतो, असं त्याने साध्या मनानेच सांगितलं होतं. पण मान एकदा हातातून गेला की परत येत नाही, हे काशीबाईला माहीत होतं आणि गुरुदासलाही. या वर्षी गाऱ्हाणं फसलं तर बापाच्या जागी पुढे कायम दत्तप्रसाद उभा राहणार होता, कॉर्डलेस माइक घेऊन.

म्हणून कुळीथ पेरून झाल्यावर एका रविवारी गुरुदास मोटरसायकल काढून तारकर्लीला गेला. सोबत वालीच्या शेंगा नेल्या.

"सर, येव काय?"

"कोण? तत्पुरुष?" आतून आवाज आला. "ये, ये. गृहपाठ आणलंस?"

गुरुदासने सगळं सांगितलं. सर ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर जे येऊ लागलं ते ओळखून वेरोनिकाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "साल्वादोर, सादां सोपां काय ता दी हां तेका!"

"सोपंच देतो," सर म्हणाले. ते पुस्तकी मराठीत शिरले म्हणजे वर्ग भरला. "गुरुदास, तुझी भीती काय? मधे थांबलास की पुढचं सुचत नाही. बरोबर? मग थांबायचंच नाही. तुला असा एक शब्द करून देतो, की त्यात सगळं गाव येईल. एक शब्द. तो म्हटलास की गाऱ्हाणं झालं."

आठवडाभर सर त्या शब्दाच्या मागे होते. पुढल्या रविवारी गुरुदास गेला तेव्हा ओटीवर बसून त्यांनी तो म्हणून दाखवला, डोळे मिटून, हाताने ठेका धरत :

"नारिकेलपूगाम्रवनपरिवेष्टितग्रामनिवासिजनसकलदुरितनिवारणकारिणी!"

माडावरून एक झावळ पडली. ती पडायचीच होती.

"ह्यो शब्द आसा की एसटीची रांग?" बाईंनी विचारलं.

"माड, पोफळी आणि आंब्याच्या बनांनी वेढलेल्या गावात राहणाऱ्या माणसांची सगळी संकटं दूर करणारी," सरांनी सांगितलं. "एका शब्दात!"

गुरुदास बोटं मोजत होता. "सर, ह्येच्यात काजी खंय आसत?"

सर जरा अवघडले. "काजू पोर्तुगिजांबरोबर आला रे. त्याला जुना संस्कृत शब्द नाही."

"मगे काजी सोडूच्यो?"

"सोडाव्या लागतील."

"सर, माझी काजीचीच बाग आसा."

"देवी बघून घेईल. तिला पोर्तुगीजही येत असेल."

"आणि श्वास खंय घेवचो तेणां?" बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मधी खंय जागाच नाय."

"समासात श्वासाला जागा नसते," सर म्हणाले. "तीच त्याची शोभा."

गुरुदासने तो शब्द पाठ केला. कुळथाच्या शेतात म्हटला, पंपाच्या आवाजात म्हटला, हेल्मेटच्या आत म्हटला. त्याचे ओठ सारखे हलताना बघून काशीबाईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि शेजारच्या जानकीला सांगितलं, "माझ्या झिलाक कोणी काय तरी केल्यान गो. रात-दिस 'कारिणी कारिणी' करता. कोण ही कारिणी?"

जानकीने दोन दिवस चौकशी केली. या नावाची कोणी आसपास नव्हती.

वर्धापनदिनाला सकाळीच देवळासमोर मांडव भरला. दत्तप्रसादने चारी कोपऱ्यांत स्पीकर लावले होते. साल्वादोर सर आणि बाई खास बोलावणं म्हणून आले होते. सर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि आपला शब्द देवीपुढे जाणार म्हणून पहिल्या बाळाच्या बापासारखे बसलेले. पूजा झाली. आरती झाली. पाटावर नारळ ठेवला गेला आणि भटजींनी गुरुदासकडे बघितलं.

गुरुदास उभा राहिला. हात जोडले. "हे" म्हणाला. आणि मग तो शब्द त्याने म्हटला. सगळाच्या सगळा, एका दमात, एकही अक्षर न चुकता, आवाज पार मांडवाच्या टोकापर्यंत. सरांचे डोळे भरून आले.

मांडव गप्प होता.

गाऱ्हाण्यात मानकऱ्याचा आवाज खाली आला की लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इथे आवाज खाली आलाच नव्हता. तो वर गेला आणि कारिणीवर तसाच उभा राहिला. लोक अजून वाट बघत होते, की हे संपल्यावर गाऱ्हाणं सुरू होईल.

गुरुदासला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी 'परिवेष्टित'वर त्याला श्वास लागला. तेवढ्या फटीत मागच्या रांगेतला म्हातारा दाजी, सवयीने, एकटाच ओरडला, "व्हय म्हाराजा!"

सगळे दाजीकडे वळले. "कित्याक व्हय म्हटलंस रे?" शेजारच्याने विचारलं. "काय मागल्यान तेणां?"

"माका काय म्हायत! थांबलो, म्हणान म्हटलंय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. पाठ केलेली गोष्ट मधूनच उचलता येत नाही. गुरुदास परत 'नारिकेल'वर गेला आणि तिथेच राहिला. "नारिकेल," तो म्हणाला. "नारिकेल." तोंड उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. दत्तप्रसाद मांडवाच्या खांबापाशी उभा होता. त्याने कॉर्डलेस माइकचं बटण दाबलं. स्पीकरमधून एक लांब कुईं आली. काशीबाई दत्तप्रसादकडे बघत नव्हती. ती सरांकडे बघत होती.

सर उठले. गाऱ्हाणं घालायचा मान घराण्याचा. परक्याने तिथे एक शब्द बोलायचा नसतो, हे सरांना माहीत होतं. त्यांना बोलायचंही नव्हतं. त्यांना येत होती ती एकच गोष्ट त्यांनी केली.

"गुरुदास, उभा राहा!"

गुरुदास उभाच होता. तरी दचकून आणखी सरळ झाला. मांडवातले दुसरे चार-पाच जण, चांगले चाळिशी ओलांडलेले बापये, खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. त्यांच्या बायका त्यांच्याकडे बघू लागल्या.

"नारिकेल म्हणजे?"

"माड, सर."

"माझ्याकडे नको बघू. फळ्याकडे बघून सांग."

फळा नव्हता. समोर देवी होती. गुरुदास तिच्याकडे वळला.

"माड," तो म्हणाला.

"कोणाचे?"

"आमचे. वाडीचे." आणि मग त्याला जे खरंच सांगायचं होतं ते बाहेर आलं. "माउली, ह्या वर्षी माकडांनी एका माडार एक शहाळां ठेवल्यानी नाय! तेंका दुसरीकडे खंय तरी धाड गे!"

"व्हय म्हाराजा!"

आख्खा मांडव. कौलांवरची कबुतरं उडाली. माकडांचा त्रास सगळ्यांनाच होता. गुरुदासचा एक खांदा, जो सकाळपासून कानाला लागला होता, तो खाली आला.

"पूग?" सरांनी विचारलं.

"पोफळ. पावसात कोळेरोग इलो, सुपारी कच्चीच गळान गेली. तो रोग पुन्ना वाडीत येवचो नाय असां कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आम्र?"

"आंबो. मोहोर बरो इलो आसा. धुक्यान तो जळूक देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

"वन?"

"आणि काजी!" गुरुदास म्हणाला.

"काजी समासात नाही," सर हळूच म्हणाले.

"नसांदेत सर. बागेत आसत. माउली, आमची काजी सांभाळ!"

यावरचा व्हय म्हाराजा सगळ्यांत मोठा होता. सरांनी क्षणभर दोन्ही हात वर केले, हरलेल्या माणसासारखे, आणि पुढचं पद विचारलं.

"परिवेष्टित?"

"चारी बाजूंनी वेढलेलां."

"त्याने काय होतं?"

गुरुदासने विचार केला. "मोबाइलाक रेंज येणा नाय."

लोक हसले, पण हसता हसताही म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यात दत्तप्रसादही होता. त्याने माइक काखेत धरून हात जोडले होते, आणि माइकचं बटण सुरूच राहिल्यामुळे त्याच्या काखेतून त्याचा व्हय म्हाराजा चारी कोपऱ्यांत घुमला.

"ग्रामनिवासिजन?"

"गावात ऱवणारी माणसां. तेंका सगळ्यांक..."

"थांब मरे!" बायकांतून जानकी उठली होती. "माझी चेडवां मुंबैत आसत. ती ह्या शब्दात खंय बसतत? तेंका भायर ठेवलास?"

गुरुदासने सरांकडे बघितलं. सर आपल्या चपलांकडे बघत होते. आठवडाभर घासून केलेल्या शब्दात जानकीच्या मुलींना जागा नव्हती. तिथे उभ्या असलेल्या एका माणसालाही नव्हती. तारकर्लीच्या रहिवाशाला वालावलच्या वाडीचा ग्रामनिवासी कोण म्हणणार. पण शब्द करताना हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

गुरुदास पुन्हा देवीकडे वळला. आता त्याला कोणी काही विचारलं नाही.

"गावात ऱवणारी," तो म्हणाला, "गाव सोडून गेलेली आणि सुट्टीची वाट बघणारी. आणि जी आमच्या देवळातली नाय, पण आमच्या मांडवात बसली आसत, ती. सगळ्यांक बरां ठेव."

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले.

सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, जरा उशिरा, पहिल्या रांगेतून एकट्याचा आवाज आला. "व्हय म्हाराजा." सर खाली बसले. सकल, दुरित, निवारण, कारिणी, एवढं सगळं अजून उरलं होतं. ते त्यांनी विचारलं नाही. गुरुदासने ते आपल्या आपण सांगितलं, आणि जेवायला उशीर होईपर्यंत सांगितलं. पाणंदीतला खड्डा सांगितला, एसटीची बंद झालेली दुपारची फेरी सांगितली, दाजीचा गुडघा सांगितला. दाजीने आपल्या गुडघ्याला स्वतःच व्हय म्हाराजा म्हटलं.

पंगतीत काशीबाई खिरीचं भांडं घेऊन सरांपाशी आली.

"मास्तरानू, शब्द बरो होतो हां. वायट नाय. आयकूक गोड लागा. पण कळल्याबगर व्हय कसां म्हणतलंव? देवीच्या तोंडार खोटा बोलूचां?"

सरांचा घास हातात राहिला. मग ते हसू लागले, आधी हळू आणि मग इतके, की बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"वेरोनिका, मी पाद्री झालंय गो," ते म्हणाले. "आमच्या पाद्रीचो पाद्री. देवाक कळता म्हणान सोडून दिलंय."

काशीबाईला पाद्रीची गोष्ट माहीत नव्हती. "खीर घेवा," ती म्हणाली आणि जास्तच वाढली.

निघताना दत्तप्रसाद सरांना गाडीपर्यंत सोडायला आला. मान गुरुदासकडेच राहिला, हे त्याने सरळ मानलं होतं. त्याला वेगळीच खंत होती. "सर, सुरुवातीपासून माइकार घेतलां आसतां तर वालावलच्या तळ्यापर्यंत आयकूक गेलां आसतां. फुडल्या वर्षी तुमका एक आणि गुरुदासाक एक, असे दोन लावतंय."

"मला नको," सर म्हणाले. "पुढल्या वर्षी मी नुसता व्हय म्हाराजा म्हणायला येणार."

त्यानंतर गुरुदास रविवारी तारकर्लीला जाऊ लागला. पुढल्या गाऱ्हाण्याची तयारी, असं तो घरी सांगे. तयारी अशी काही होत नसे. दोघे ओटीवर बसून पाव खात. मे महिन्यात त्याने काजूगर नेले, सरांनी एक गर दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ह्याला शब्द नाही, पण चव आहे. चालेल." नेव्हिललाही त्यांनी आता थोडी सूट दिली होती. विग्रह मालवणीत केला तरी चाले, आणि चुकला तरी पाववाल्याला काय वाटतं ते ते पूर्ण ऐकून घेत. बाईंच्या मते हे वयाचं लक्षण होतं.

भाद्रपदात, ऊन-पावसाच्या एका सकाळी, चहाच्या वेळेला सर गेले. काही आजार नव्हता. चर्चमधल्या प्रार्थनेला गुरुदासच्या वाडीतली माणसं टेम्पोतून आली होती. पाद्री मराठीत बोलत होते, सगळ्यांना कळत होतं, आणि एका ठिकाणी पाद्रींचा आवाज खाली आला तेव्हा मागच्या बाकावरून दाजी, सवयीने, "व्हय म्हाराजा" म्हणून गेला. कोणी हसलं नाही. पाद्री क्षणभर थांबले आणि पुढे बोलू लागले.

माघात पुन्हा मांडव उभा राहिला. दत्तप्रसादने एकच माइक लावला. वेरोनिकाबाई आल्या आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं गेलं. बाजूची खुर्ची कोणी न सांगता मोकळी राहिली, पुढे तीवर काशीबाईने खिरीचं झाकण ठेवलं. गुरुदासने गाऱ्हाणं घातलं. लहान लहान तुकड्यांत, साध्या बोलीत. प्रत्येक तुकड्यानंतर तो थोडा थांबे, कोणी पुढचं विचारेल म्हणून, आणि त्या थांबण्यात लोकांचा व्हय म्हाराजा बरोबर बसे. काजी त्याने पहिल्यांदाच सांगून टाकल्या.

जेवणं झाल्यावर तो बाईंशेजारी जमिनीवर येऊन बसला. पाच महिने विचारीन म्हणत राहिलेली गोष्ट त्याने आता विचारली.

"काकी, सर शेवटाक काय बोललले?"

"तुका काय वाटता? संस्कृत?"

गुरुदासला खरंच तसं वाटत होतं.

"नेव्हिल पाव देवन गेलो," बाई म्हणाल्या. "त्या दिसा पाऊस होतो, म्हणान तेका शब्द दिल्यानी नाय, जा म्हणाले. ताट घेवन पायरेर बसले. मी आतसून हाक मारलंय, चाय थंड जाता, येतास काय नाय? तर म्हणाले..."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला.

"म्हणाले, 'येतंय गो. ह्यो एक फोडतंय नि येतंय.'"